राखेचा सातबारा कुणाच्या नावावर?

उसाच्या कांडक्यातलं काहीही बेवारस नसतं. रसाची साखर होते, ती सभासदाची. मळीचं स्पिरिट होतं, इथेनॉल होतं, ते पेट्रोलात मिसळून मुंबई-पुण्याच्या गाड्यांतनं पळतं. गाळ उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात, तो खत म्हणून ट्रॉलीच्या भावानं जातो. चोथा उरतो, त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तो बॉयलरात जळतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते. कारखाना चालवून उरलेली वीज महावितरणला युनिटच्या भावानं विकली जाते. याला सहवीजनिर्मिती असं गोड नाव आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळानं या विजेला युनिटमागं दीड रुपया अनुदान द्यायचं ठरवलं. हरित ऊर्जा ना ती! आणि शेवटी बॉयलरच्या बुडाशी, धुराड्याच्या तोंडाशी उरते ती राख. तिचा मालक कोण?

दोस्तांनो, हा प्रश्न मी कडेगाव तालुक्याचा म्हणून विचारतोय. पोटापाण्याला पुण्यात आहे, पण घर, आईबाप आणि रेशनकार्ड तिकडंच. कडेगावचं नाव बाहेर ठाऊक आहे ते मोहरमच्या उंच ताबुतांमुळं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रेही याच तालुक्यात. बाकी जुनी ओळख दुष्काळाची. येरळा कोरडी, सोनहिऱ्याचा ओढा कोरडा, माळावर कुसळं. मग ताकारी आणि टेंभू या उपसा योजना आल्या. टेंभूला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. कराडजवळ कृष्णा अडवायची आणि टप्प्याटप्प्यानं पंपांनी पाणी वर ढकलायचं, कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि पुढं. माळावर ऊस उभा राहिला. चांगलं झालं. पाण्याला नाव ठेवणारा मी कोण? माझ्या बापानं टँकरमागं पळण्यात अर्धं आयुष्य घातलंय.

पण या पाण्याचा फेरा नीट बघा. पंपाला वीज लागते. त्या बिलातले ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के लाभधारक. सरकार भरतं म्हणजे काडेपेटी विकत घेणारी म्हातारीसुद्धा भरते. राज्याच्या विजेचा मोठा भाग कोळशाच्या केंद्रांतनं येतो. म्हणजे विदर्भात, मराठवाड्यात कोळसा जळतो आणि तिथं राख पडते. त्या विजेवर इकडं पाणी चढतं, ऊस होतो, उसाचं चिपाड जळतं आणि इथं राख पडते. फेऱ्याच्या दोन्ही टोकांना राख. मधल्या पाण्यात, साखरेत, विजेत वाटा पाहिजे तर नावावर जमीन लागते. ज्याच्या नावावर गुंठा नाही तो लाभधारक नाही, ऊस उत्पादक नाही, म्हणून सभासद नाही. दिवाळीच्या सवलतीच्या साखरेची पिशवीसुद्धा त्याच्या दारात येत नाही. राखेला मात्र सातबारा लागत नाही. ती वाऱ्यावर येते, न बोलावता येते, आणि गावकुसाबाहेर आधी येते. कारण गावठाणात ज्याची जागा ठरत नाही ते सगळं गावकुसाबाहेर टाकायचं हे या देशात फार जुनं ठरलेलं आहे.

आता थोडा हिशेब. हिशेब कंटाळवाणा असतो, पण आपल्याला कायम हिशेबातच गंडवलंय, तेव्हा वाचा.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओलं बगॅस निघतं. ते जाळलं की टन उसामागं सहा किलोच्या आसपास राख उरते. सहा किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना धरा, असे आता सर्रास आहेत. दिवसाची राख झाली तीस टन. दीडशे दिवसांचा हंगाम, साडेचार हजार टन. हंगाम संपल्यावर टर्बाइन फिरतं ठेवायचं असेल तर साठवलेलं बगॅस, लाकूडफाटा नाहीतर कोळसा जाळतात, त्याची राख वेगळी. ही राख दोन तऱ्हेची. जड असते ती बॉयलरच्या तळात पडते, ती ओढून काढावी लागते. हलकी असते ती धुरासोबत उडते. तिला धुराड्याआधी पाण्याच्या फवाऱ्यानं किंवा विजेच्या यंत्रानं पकडायचं असतं. कुठं पकडतात, कुठं पकडल्यासारखं करतात. रात्री तपासणीला कोण येतंय?

नियमाची गंमत सांगतो. २०१७ पासूनच्या नव्या कोळसा केंद्राच्या धुराड्यातनं एका घनमीटर हवेत ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ जाऊ नये असा केंद्राचा नियम आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरला तीच मर्यादा १५० मिलिग्रॅम. पाचपट. धूर उसाचा आहे म्हणून फुप्फुसाला पाचपट चालतो काय?

आमच्या आज्जीला राखेचं वावडं नव्हतं. उलट तिचा अर्धा संसार राखेवर. चुलीची राख चाळून भांडी घासायला, जोंधळ्यात मिसळून किडा लागू नये म्हणून, दाताला राखुंडी, चिमूटभर पोराच्या कपाळाला. तिच्या हातची राख मऊ, पिठासारखी. कारखान्याची राख तशी नाही. काळी, चरचरीत, अर्धवट जळालेल्या तंतूंची. आमच्याकडं बायका तिला काजळी म्हणतात. मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात गेली की तो डोळा चोळत रस्त्याच्या कडेला उभा. पत्र्यावर साचते, पहिल्या पावसात पन्हळीतनं काळं पाणी पिंपात. वाळवणाच्या मिरचीवर, बाळाच्या लंगोटावर. माझी आत्या म्हणाली, "बाळा, धुणं दोनदा धुवायचं झालं बघ. आन् पाणी मात्र एकदाच येतंय." हे वाक्य कुठल्या पर्यावरण अहवालात नाही, मी सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावरच ठेवतो.

पडलेल्या राखेचं हे झालं. टाकलेल्या राखेचं वेगळं. ठेकेदार ट्रॉली भरतो. जुनी दगडखाण, ओढ्याची कड, गायरान, जिथं कुणी अडवणार नाही तिथं ओततो. ट्रॉली भरायला, रिकामी करायला कोण? वस्तीतली पोरं, वस्तीतल्या बाया. तोंडाला रुमाल, हातात फावडं, डोक्यावर पाटी. मास्क विचारला तर ठेकेदार हसतो. हजेरीपत्रकावर नाव नाही, ठेकेदाराच्या वहीत आद्याक्षर. कारखाना म्हणतो माणसं ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो माणसं रोजंदारीची. माणसं कुणाचीच नाहीत. जशी राख.

माझ्या आत्याचा नातू, वय वर्षं आठ, अशाच एका ढिगावर चेंडू आणायला गेला. राख वरनं थंड असते, आतनं निखारा. गुडघ्यापर्यंत पाय रुतला. पोरगा जगला, पण त्या पायात चप्पल बसत नाही. कुठल्या कारखान्याची राख ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तेवढा एक वाईट आणि बाकीचे साजूक असा समज होतो. दवाखान्याचं बिल ठेकेदारानं भरलं आणि "पोरं सांभाळा" हा सल्ला फुकट दिला. ढिगाभोवती तारेचं कुंपण घालायला जे पैसे लागले असते ते या बिलापेक्षा कमी होते.

आता छातीचं. बगॅसचे ढीग उघड्यावर महिनोन् महिने पडतात, त्यात बुरशीसारखे जंतू वाढतात. ती धूळ श्वासात गेली की फुप्फुसाला सूज येते, ताप, धाप, खोकला. या रोगाला बगॅसोसिस म्हणतात. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाच्या डॉक्टरांनी तो नोंदवला. आपल्याकडंही तो अनोळखी नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिसच्या पंगतीला बगॅसोसिसचं नाव बसवलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. कायद्याचं नाव बदललं, रोग तोच. आणि राखेत काय? मुख्यतः सिलिका. ऊस जमिनीतनं सिलिका ओढून पानाखोडात साठवतो, मुळाबरोबर येणारी वाळूमाती निराळी. तापमान वाढलं की त्यातली काही स्फटिकरूप होते. तीच वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसली तर सिलिकोसिस. कायद्याला रोग ठाऊक आहे, डॉक्टरकीच्या पुस्तकांना ठाऊक आहे. पण आमच्या वस्तीत खोकणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला सरकारी दवाखान्यात एकच विचारतात, "बिडी वढतो का?" तो हो म्हणतो. प्रकरण मिटलं. किती वर्षं राख ओढलीस, हे विचारायला केसपेपरवर जागा नाही.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडच्या टोळ्यांत परळीकडची माणसं भेटतात. गेल्या हंगामात कोपीपाशी बसलेल्या एका कोयत्याच्या बाप्याशी बोलत होतो. आमचं धुराडं बघून तो म्हणाला, "तुमच्याकडं काळी पडते व्हय. आमच्याकडं पांढरी." त्याचं गाव परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या वाऱ्यात. म्हणजे हा माणूस सहा महिने कोळशाच्या राखेत राहतो आणि सहा महिने आमच्या काळ्या राखेखाली ऊस तोडतो. टेंभूचा पंप फिरवणारी वीज आणि त्या पाण्याचा ऊस, दोन्हींचा कचरा एकाच छातीत. असा माणूस समोर बसला की पुण्यातली 'शाश्वत विकासा'वरची चर्चासत्रं मला चावतात.

पांढऱ्या राखेचं प्रमाण वेगळंच आहे. आपल्या देशी दगडी कोळशात शंभर किलोला ३५-४० किलो राख असते. परळीत १९७१ पासून कोळसा जळतोय. जुने संच गेले, आता २५० मेगावॅटचे तीन आहेत. ती राख पाण्यात कालवून नळानं तळ्यात सोडतात, तळं सुकलं की तीच उडते. आणि तीच विकलीही जाते, विटांना, सिमेंटला. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यातली गुंडगिरी चव्हाट्यावर आली तेव्हा परळीच्या राखेच्या धंद्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. तोवर राजधानीतल्या लोकांना राखेतनं पैसा निघतो हेच माहीत नव्हतं. आमच्या भागाला त्याचं नवल नाही. कडेगाव-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभर पेठांतनं जुनं सोनं-चांदी गाळत बसलेत. भट्टीच्या बुडाशी काय उरतं आणि त्याची किंमत काय, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल.

नागपूरकडं बघा. कोराडी आणि खापरखेडा, दोन केंद्रं, भोवती राखेची तळी. जुलै २०२२ मध्ये पावसात खसाळ्याच्या राखतळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतात, नाल्यात, नदीत शिरलं. बातमी चार दिवस टिकली, राख जास्त दिवस टिकली.

तरी कोळशाच्या राखेला निदान कायदा आहे. १४ सप्टेंबर १९९९ ला केंद्रानं पहिली अधिसूचना काढली, केंद्रांनी राख विटा-सिमेंटसाठी द्यायची. आधी ५० किलोमीटरच्या आतल्यांनी वापरायची, मग २००३ मध्ये १००, २०१६ मध्ये ३०० किलोमीटर. २००९ मध्ये ठरलं की कोरड्या राखेतली २० टक्के विटांच्या छोट्या धंद्यांना फुकट. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं सांगितलं, सगळीच्या सगळी राख वापरा, वापरली नाही तर टनाला हजार रुपये पर्यावरण भरपाई. २०२१-२२ साली देशात सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि ९६ टक्के 'वापरली' असं केंद्रीय वीज प्राधिकरण सांगतं. या 'वापरली'त खोलगट जमीन भरणं येतं, खाणी बुजवणं येतं, राखतळ्याचा बांध राखेनंच उंच करणं येतं. घरातला केर शेजारच्या खड्ड्यात ओतला आणि वापरला म्हणून लिहिला, तशातली ही गोष्ट. असू द्या. वाईट का होईना कायदा आहे, मोजणी आहे, दंडाचा आकडा आहे. ही अधिसूचना कोळसा आणि लिग्नाइटच्या केंद्रांपुरती. बगॅसच्या बॉयलरला असं काही नाही. उसाची राख म्हणजे काय बाबा, सेंद्रिय! शेतात टाका, सोनं पिकेल. शेतात टाका, पण शेत कुणाचं?

खरी मेख इथं आहे. राख कचरा आहे की माल, हे तिच्या गुणावर ठरत नाही, गिऱ्हाईकावर ठरतं. मळीच्या डिस्टिलरीतलं सांडपाणी, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात, ते आटवून खास बॉयलरात जाळतात, जोडीला बगॅस नाहीतर कोळसा. त्याची वाफ, वीज होते आणि राख उरते. या राखेत पोटॅश असतं. देश पोटॅश बाहेरून आणतो. मग काय झालं? या राखेच्या खताला १४.५ टक्के पोटॅशचं प्रमाण ठरलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये ते खत अनुदानाच्या यादीत गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं भाव जाहीर केला. कारखान्यानं खत कंपनीला विकायचा दर टनाला ४,२६३ रुपये, वर टनाला ३४५ रुपये अनुदान कारखान्याला. भाव लागल्याबरोबर त्या राखेला गोण्या मिळाल्या, शेड मिळालं, वजनकाटा मिळाला, पहारेकरी मिळाला. ती आता वाऱ्यावर उडत नाही. बघितलंत? राख पकडता येते. झाकता येते, तोलता येते. तंत्र उपलब्ध आहे, पैसा उपलब्ध आहे. जिला भाव नाही तेवढीच आमच्या पत्र्यावर येते.

पुण्यातला एक वर्गमित्र, आडनाव सांगत नाही, मला म्हणाला, "यात जात कुठं आली? राख काय जात बघून पडते?" राख बघत नाही, खरंय. पण ढीग कुठं घालायचा हे बघणारा माणूस असतो, आणि ट्रॉली भरायला कुणाला हाक मारायची हेही माणूसच ठरवतो. गावच्या मयताला सरपण वाहणं हे महाराचं काम होतं. लाकडं वाहा, मयताची वर्दी गावोगाव न्या, मेलेलं ढोर ओढा. त्याबद्दल वतन म्हणून तुकडा आणि शिळी भाकरी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालायला. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. वतन गेलं, काम राहिलं. जळणाऱ्यापाशी कुणी उभं राहायचं आणि जळल्यावर उरलेलं कुणी उचलायचं, याची वाटणी ठेकेदारानं जुन्या वहीतनंच उतरवून घेतली. फरक एवढाच की वतनाची निदान सरकारदप्तरी नोंद होती. ठेक्याची नाही.

दुसरा आरोप येतो तो प्रगतीच्या आड येण्याचा. कारखान्याच्या मंचावरून कुणीतरी म्हणणारच, "वीज नको का तुम्हाला?" वीज पाहिजे. आम्हाला तर जास्त पाहिजे, आमच्या वस्तीत ती सगळ्यात उशिरा आली. आणि विजेवर आम्हाला शिकवू नका. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना २५ ऑक्टोबर १९४३ ला बाबासाहेबांनी वीज धोरणाच्या समितीपुढं विजेचा धागा थेट उद्योगीकरणाशी आणि दारिद्र्याशी जोडला होता. पण तोच माणूस त्याच वर्षी डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरला, मजूर कसा जगतो ते बघायला. आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशाच्या मालावर उपकर, आणि त्या पैशातनं खाणमजुराची घरं, दवाखाना, पाणी. लढाई चालू होती, कोळशाची तंगी होती, सबबी हव्या तेवढ्या होत्या. तरी झालं. जो कोळसा विकतो त्यानं कोळसा खणणाऱ्याच्या छातीचे पैसे टनावर भरायचे, हे सरकारी कागदावर आलं त्याला ऐंशी वर्षं उलटली. आज राखेच्या टनावर तेवढंच मागितलं तर लगेच आम्ही विकासाचे शत्रू?

आणि वाटणीचं उदाहरण पाहिजे तर लांब जायला नको. आमच्याच येरळेवर, बलवडी-तांदुळवाडीत, १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं. नदीतली वाळू कंत्राटदाराला न लुटू देता स्वतः विकून त्यातनं पैसा उभा केला. पाणी वाटताना ठरवलं की प्रत्येक घराला सारखं पाणी, ज्याला जमीन नाही त्यालाही. भूमिहीनाला पाण्याचा हक्क! तो त्या पाण्याचं काय करणार, असं विचारणारे शहाणे तेव्हाही होते. काय करील ते त्याचं तो बघेल. खंडानं जमीन घेईल, पाणी देऊन पिकात वाटा घेईल. हक्क आधी, वापर मागनं. ही कल्पना आमच्याच मातीत, आमच्याच कष्टकऱ्यांनी उभी केली. तीच राखेला लावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. राख कचरा असेल तर ज्यानं केला त्यानं उचलावा, झाकावा, आणि ज्यांच्या अंगावर उडाला त्यांच्या दवाखान्याचा खर्च टनाच्या हिशेबानं दरवर्षी द्यावा. आणि राख माल असेल, वीट, सिमेंट, खत काहीही होऊन विकली जाणार असेल, तर तिच्यावर पहिला हक्क भूमिहीनाचा. वस्तीतल्या बायांच्या गटाला विटांचा कारखाना काढायला राख फुकट, विजेचं कनेक्शन आणि मशीनचं कर्ज सहकाराच्याच बँकेतनं. कोळशाच्या राखेत छोट्या विटवाल्यांना २००९ मध्ये २० टक्के मिळू शकले तर उसाच्या राखेत का नाही? वीट मात्र मास्क लावून, पाणी मारून, नीट पगारावर. नाहीतर मालक आपला झाला आणि खोकला तोच राहिला, असली क्रांती मला नको.

आणि ट्रॉली भरणाऱ्या प्रत्येकाचं नाव हजेरीपत्रकावर. पूर्ण नाव, आद्याक्षर नव्हे. कारखान्याच्या, ठेकेदाराच्या नाही. दरसाल छातीचा फोटो, आणि तो फोटो मजुराच्या हातात. नाव नसेल तर उद्या रोग सिद्ध करायला कोर्टात उभं राहताच येत नाही. त्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच नाव लिहीत नाहीत.

आता शहरातल्या दोस्तांनो, तुमच्याकडं वळतो. पुणे-मुंबईत राहून गावच्या राखेचं काय करणार? पुष्कळ. तुम्हाला अर्ज लिहिता येतो. राख मोजली जात नाही असं नाही, मोजलेली आपल्याला दाखवत नाहीत एवढंच. पर्यावरण संरक्षण नियमांखाली प्रत्येक कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं, नमुना पाच. त्यात घन कचरा किती निघाला आणि त्याचं काय केलं, असा रकाना आहे. म्हणजे राखेचा सातबारा आहे, तो सांगलीच्या मंडळाच्या कार्यालयात फायलीत पडलाय. गेल्या पाच वर्षांची विवरणपत्रं माहितीच्या अधिकारात मागा. कारखान्याला मंडळानं दिलेलं संमतिपत्र मागा, त्यात राख कुठं टाकायची ते लिहिलेलं असतं. मग ते घेऊन २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गावी जा. गळीत हंगाम त्याच्यानंतरच पेटतो. सभेत फक्त वाचून दाखवा, इतके टन राख, अमुक ठिकाणी टाकली. अमुक ठिकाण म्हणजे कुठलं ते बाया हात करून दाखवतील.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तोही लागत नाही.